अबू अय्यूब (रजि.) आणि सूरह नूरची बारावी आयत

आज सूरह नूर, आयत १२. अफवा कानावर आली तेव्हा श्रद्धावंत स्त्री-पुरुषांनी चांगला विचार का केला नाही, हे उघड खोटं आहे असं का म्हटलं नाही, असं अल्लाह इथे विचारतो. चांगला विचार कुणाबद्दल? अरबी शब्दाचा सरळ अर्थ घेतला तर ‘स्वतःबद्दल’. मी इथे बरेच दिवस अडकलो होतो. वाट दाखवली ती हजरत अबू अय्यूब अन्सारी (रजि.) यांच्या चरित्राने.

त्यांचं नाव खालिद बिन जैद, मदीनेच्या बनू नज्जार घराण्यातले. इ.स. ६२२ मध्ये प्रेषित (स.) हिजरत करून मदीनेत आले तेव्हा जो तो आपल्याच घरी उतरण्याचा आग्रह करत होता. प्रेषितांनी सांडणीला मोकळं सोडायला सांगितलं. ती बसली ती जागा अबू अय्यूब यांच्या घराजवळ होती, आणि पाहुणचाराचा मान त्यांना मिळाला. येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या सोयीसाठी प्रेषित खालच्या मजल्यावर राहिले. एका रात्री वर पाण्याचा माठ फुटला. पाणी खाली गळू नये म्हणून नवरा-बायकोने घरातलं एकुलतं एक पांघरूण त्यावर टाकलं.

दुसरा प्रसंग मला जास्त आवडतो. ते रोज जेवण पाठवायचे. एकदा ताट हात न लावता परत आलं. अबू अय्यूब घाबरले, पण मनात काही रचत बसले नाहीत. थेट जाऊन विचारलं. जेवणात लसूण होता, त्याचा वास प्रेषितांना नको होता, एवढंच कारण. बाकीच्यांना खायला हरकत नव्हती.

काही वर्षांनी बनू मुस्तलिकच्या मोहिमेवरून परतताना हजरत आयशा (रजि.) यांचा हार हरवला. त्या शोधायला गेल्या, आणि त्या आत आहेत असं समजून लोकांनी रिकामी डोली उंटावर चढवली. काफिल्याच्या मागे राहिलेले सफवान (रजि.) यांनी त्यांना आपल्या उंटावर बसवून आणलं. बस्स, अब्दुल्लाह बिन उबय्यला एवढं पुरेसं होतं. महिनाभर वही आली नाही आणि मदीना कुजबुजत राहिली. त्यात मिस्तह (रजि.) यांच्यासारखे बद्रच्या लढाईत लढलेलेही घसरले. म्हणजे फक्त वाईट माणसंच यात पडतात असं नाही. (आमच्या कामात सर्व्हर बंद पडला की लॉग उघडायच्या आधीच ग्रुपवर नाव फिरतं. रात्री सगळ्यात शेवटी थांबलेला जो असेल, तोच गुन्हेगार!)

अबू अय्यूब यांच्या घरीही ही गोष्ट पोहोचली. उम्मे अय्यूब (रजि.) यांनी विचारलं, लोक काय बोलतायत ते ऐकलं का? ते म्हणाले, ऐकलं, सगळं खोटं आहे. मग उलट विचारलं, तू असं केलं असतंस का? त्यांनी अल्लाहची शपथ घेऊन नाही म्हटलं. मग आयशा तर तुझ्याहून चांगल्या आहेत, असं म्हणून त्यांनी विषय संपवला.

त्यांनी ना सफवान यांची चौकशी केली, ना हाराची. आधी स्वतःच्या घरात बघितलं. जे माझ्या हातून होणार नाही, ते माझ्याहून चांगल्या माणसाच्या हातून झालं असं मी कुठल्या आधारावर मानू? आयतीतला ‘स्वतःबद्दल’ मला इथे कळला. अनेक भाष्यकार या आयतीखाली याच नवरा-बायकोचा प्रसंग सांगतात.

आणि हा माणूस भोळा नव्हता, हेही सांगायला हवं. बद्रमध्ये लढलेला योद्धा तो. म्हातारपणीसुद्धा कॉन्स्टॅन्टिनोपलच्या मोहिमेवर गेले, तिथे आजारी पडून वारले. शक्य तितकं पुढे नेऊन दफन करा अशी त्यांची इच्छा होती, म्हणून शहराच्या तटाजवळ त्यांना पुरलं. १४५३ मध्ये उस्मानींनी ते शहर जिंकल्यावर तिथे मजार आणि मशीद उभी राहिली. इस्तंबूलचा तो भाग आजही त्यांच्याच नावाने, एयुप म्हणून ओळखतात.

उद्या आयत १३, चार साक्षीदारांची अट. इन्शाअल्लाह.