अण्णाजी दत्तो यांची काठी

अण्णाजी दत्तो म्हटले की प्रथम आठवतो तो कट. हा न्याय अपुरा आहे. १६७३ साली पन्हाळा स्वराज्यात आणणारा आणि राज्याभिषेकसमयी सचिवपद भूषविणारा हा कारभारी खरा मोठा ठरला तो कोकणच्या जमीनपाहणीने. मलिक अंबराची पद्धत पुढ्यात होतीच. पाच हात पाच मुठींची काठी. वीस काठ्या लांब, वीस रुंद तो बिघा. एकशेवीस बिघ्यांचा चावर. परंतु रायगडच्या किनाऱ्यावरील खाजणाचा खारवट बिघा आणि गोड्या पाण्याच्या खाचराचा बिघा काठीला सारखे असले, तरी पिकाला सारखे नव्हेत. म्हणून अव्वल, दूम, सीम अशी प्रतवारी करून धारा ठरला. पाच वाट्यांपैकी तीन रयतेचे, दोन सरकारचे. आज मातीतील क्षार विद्युतवाहकतेवरून मोजतात. त्या काळी जाणत्यांची नजर हीच कसोटी. १६८० साली महाराज निवर्तले. अण्णाजींनी राजारामांचा पक्ष घेतला, संभाजीराजांनी क्षमा करून पुन्हा अधिकारपद दिले, तरी १६८१ साली ते दुसऱ्या कटात गुंतले. सुधागडाजवळ परळी येथे त्यांना देहदंड झाला.