मार्गारेट फेल

आमच्या वर्गात जो तो शप्पथ घेतो. आईशप्पथ, देवाशप्पथ, विद्येची शप्पथ. मीपण घ्यायचो. मग गुरुजींनी शपथ न घेणाऱ्या एका बाईंची गोष्ट सांगितली. ती मी लिहीत आहे.

इंग्लंड देशात उत्तरेला अल्वर्स्टन गाव आहे. त्याच्याजवळ स्वार्थमूर हॉल नावाचा मोठा वाडा आहे. तिथे मार्गारेट फेल राहत. त्यांचा जन्म १६१४ साली झाला. त्यांचे यजमान थॉमस फेल न्यायाधीश होते.

१६५२ साली वाड्यात जॉर्ज फॉक्स आले. ते विणकराचे पोर. लहानपणी जोडे शिवायला शिकले, मेंढ्या राखल्या. देवाचा उजेड प्रत्येकाच्या मनात असतो, असे ते सांगत. ते ऐकून मार्गारेटबाई रडल्याच. यजमान तेव्हा परगावी होते. ते परत येताना लोकांनी वाटेतच त्यांचे कान भरले. पण ते समंजस होते. स्वतः त्या पंथात गेले नाहीत, तरी वाड्यात सभा भरवू दिली.

या पंथाच्या लोकांना क्वेकर म्हणतात. सभेत सगळे गप्प बसत. ज्याला आतून वाटेल तो उठून बोले, मग ती बाई का असेना. मोठ्या साहेबालाही ते तू म्हणत. आपण गुरुजींना तू म्हटले तर काय होईल!

१६५८ साली यजमान वारले. पुढे सरकारने अशा सभांना बंदी केली. तरी बाईंनी वाड्यातल्या सभा चालूच ठेवल्या. १६६४ साली त्यांना कोर्टात नेले आणि राजाशी इमान राखण्याची शपथ घ्यायला सांगितले. त्यांनी घेतली नाही. कारण क्वेकर मानत की माणसाने रोजच खरे बोलावे. शपथ घेतली तरच खरे, म्हंजे एरवी खोटे चालते की काय? बाईंना जन्मठेप झाली. लँकॅस्टरच्या किल्ल्यात त्या चार वर्षे होत्या. बायकांनाही धर्माचे बोलता येते, असे पुस्तक त्यांनी तिथे लिहिले. १६६८ साली त्या सुटल्या. १६६९ साली त्यांनी जॉर्ज फॉक्सशी लग्न केले. १७०२ साली त्या वारल्या. वाडा अजून उभा आहे.

मी एका मित्राची काचेची गोटी घेतली होती आणि घेतली नाही म्हणून आईशप्पथ म्हटले होते. गोष्ट ऐकली त्या रात्री मला झोपच येईना. सकाळी गोटी देऊन टाकली. तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाय. तिसऱ्या दिवशी खेळायला आला.

आता मी शप्पथ घेत नाही. नुसते हो किंवा नाही सांगतो.

इयत्ता चौथी