जुन्या लाकडाचा कैवारी

रेणुकादेवीच्या स्थानामुळे सर्वदूर ठाऊक असलेल्या रेणापुरात, किंवा मराठवाड्यातील अशाच कोणत्याही जुन्या गावात, माळवदाचे घर मोडावयाची वेळ आली की घरमालकासमोर लाकडाचा प्रश्न उभा राहतो. खांब, तुळया, चौकटी, दारे हे दोन-तीन पिढ्यांच्या धुराने काळवंडलेले लाकूड वखारवाल्याला उक्ते देऊन टाकावे आणि आलेल्या पैशांत सिमेंटच्या काही गोण्या घ्याव्यात, हा व्यवहार शहाणपणाचा समजला जातो. तो तोट्याचा आहे, हे ज्याने घरे बांधून दाखविले तो गृहस्थ मराठवाड्याचा तर नव्हताच, जन्माने भारतीयही नव्हता. तरीही वास्तुशिल्पी लॉरी बेकर यांचे चरित्र येथील शिक्षकाने, कारकुनाने आणि विद्यार्थ्याने मुद्दाम समजून घ्यावे असे आहे.

२ मार्च १९१७ रोजी इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथे बेकर यांचा जन्म झाला. त्याच शहरात त्यांनी वास्तुशास्त्राचे शिक्षण घेतले. तरुणपणी ते क्वेकर पंथाकडे ओढले गेले. हा पंथ युद्ध निषिद्ध मानणारा. त्यामुळे दुसरे महायुद्ध पेटले तेव्हा बंदूक हाती न घेता ते शुश्रूषापथकात दाखल झाले आणि चीनमध्ये जाऊन पोहोचले. तेथे कुष्ठरुग्णांची सेवा करता करता प्रकृती ढासळली आणि मायदेशी परतण्याची आज्ञा झाली. परतीच्या बोटीची वाट पाहत त्यांना मुंबईत काही महिने मुक्काम करावा लागला, आणि या सक्तीच्या विश्रांतीनेच त्यांच्या आयुष्याला वळण दिले.

मुंबईत त्यांची गांधीजींशी भेट झाली. बेकर यांच्या पायांत टाकाऊ कापडाच्या चिंध्यांपासून शिवलेले जोडे होते. ते करण्याची रीत ते चीनमध्ये शिकले होते. गांधीजींचे लक्ष प्रथम गेले ते या जोड्यांकडे. पुढे झालेल्या बोलण्यात गांधीजींनी घरबांधणीविषयी एक कसोटी त्यांच्यापुढे ठेवली. आदर्श घराचे सर्व सामान त्या घराच्या पाच मैलांच्या परिसरात मिळणारे असावे, ही ती कसोटी. इंग्लंडात शिकून आलेल्या वास्तुशिल्पज्ञाला ती भाबडी वाटणे अगदी स्वाभाविक होते. ती खरी मानायला त्यांना पुष्कळ वर्षे लागली, हे सांगणे त्यांच्या प्रामाणिकपणाला धरूनच होईल.

१९४५ मध्ये ते कुष्ठरोग्यांसाठी काम करणाऱ्या संस्थेचे वास्तुशिल्पी म्हणून भारतात परत आले. जुने कुष्ठाश्रम इस्पितळे म्हणून वापरात आणणे हे त्यांचे काम होते. म्हणजे व्यवसायाचा प्रारंभच मुळी जुन्यातून नवे करण्यापासून झाला. १९४८ मध्ये केरळच्या डॉ. एलिझाबेथ जेकब यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि हे दांपत्य हिमालयाच्या कुशीत पिथोरागड येथे जाऊन राहिले, ते तब्बल सोळा वर्षे. पत्नी रोग्यांवर उपचार करी आणि पती इमारती उभारी. पुस्तकात शिकलेली सामग्री त्या डोंगरात मिळण्यासारखी नव्हती. दगड, माती आणि लाकूड यांच्याकडून निरक्षर गवंडी-सुतार कसे काम करून घेतात, हे पाहतच बेकर खऱ्या अर्थाने वास्तुशिल्पी झाले.

१९६३ नंतर ते केरळात आले. प्रथम वागमोन आणि पुढे तिरुअनंतपुरम. येथे त्यांच्या कार्याला बहर आला. विटा उभ्या रचून भिंतीत पोकळी ठेवण्याची पद्धत त्यांनी रूढ केली. तिने सुमारे पाव हिस्सा विटा वाचतात आणि घरही थंड राहते. स्लॅबमध्ये ज्या भागाला काँक्रीटची गरज नसते तेथे त्यांनी टाकाऊ कौले घातली. गिलावा टाळला, खिडक्यांऐवजी विटांच्या जाळ्या केल्या. आलेल्या पत्रांच्या पाकिटांच्या पाठीवर ते नकाशे काढीत. याच शहरातील विकास अध्ययन केंद्राचा परिसर हे त्यांचे विख्यात काम, अर्थतज्ज्ञ के. एन. राज आणि मुख्यमंत्री सी. अच्युत मेनन यांनी १९७० च्या सुमारास त्यांच्यावर तो विश्वास टाकला.

परंतु आपल्या दृष्टीने अधिक मोलाची आहे ती मोडीत निघालेल्या इमारतींच्या सामानावरची त्यांची नजर. अडगळीचे ढीग उपसून ते चौकटी, दारे, खिडक्या शोधीत. आक्कुलम येथील चित्रलेखा चित्रपट संस्थेच्या इमारतीचे कोरीव प्रवेशद्वार असेच ढिगाऱ्यात सापडलेले आहे. तिरुअनंतपुरमच्या एका खडकाळ टेकडीवर त्यांनी बांधलेले स्वतःचे घरही अशाच गोळा केलेल्या सामानावर हळूहळू वाढत गेले. हा निव्वळ छंद नव्हता. जुने लाकूड मुरलेले असते. त्याला जे आकसायचे, वाकायचे ते पूर्वीच झालेले असते. दमट उष्ण हवेत ओल्या लाकडाची दारे पहिल्याच पावसात फुगून बसतात, पन्नास वर्षे वापरलेले लाकूड सहसा फुगत नाही. मात्र ते पारखून घ्यावे लागते. हातोडीने ठोकून पोकळ आवाज येतो का पाहावे, भिंतीत गाडलेले टोक कुजले असेल तर तेवढे कापून टाकावे, करवत लावण्यापूर्वी प्रत्येक खिळा उपसावा. आणि नकाशा आधी करून लाकूड शोधण्यापेक्षा हाती असलेले लाकूड मोजून खोली बेतावी.

बेकर यांच्यावर टीकाही झाली, आणि ती सर्वस्वी खोटी नव्हती. त्यांची घरे गरिबांपेक्षा प्राध्यापक आणि लेखक यांनाच अधिक भावली. उघड्या विटांचे घर गरिबाला गरिबीची खूण वाटते. शिवाय त्यांच्या कामाला कुशल गवंडी आणि रोजची देखरेख लागते. ती उणीव भरून काढण्यासाठी १९८५ मध्ये त्यांच्या सहभागाने ‘कॉस्टफोर्ड’ ही संस्था निघाली आणि तिने त्यांची पद्धत पुष्कळ दूरवर नेली. १९९० मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. तोवर त्यांनी भारताचे नागरिकत्वही स्वीकारले होते. १ एप्रिल २००७ रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, तिरुअनंतपुरम येथे त्यांचे निधन झाले.

केरळची ही रीत लातूर जिल्ह्यात जशीच्या तशी उचलता येणार नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने हजारो माणसे गाडली, बावन्न गावे नव्या जागी वसवावी लागली, आणि दगड-माती-लाकडाच्या घराची सर्वांना धास्ती बसली. पण दोष कोणाचा होता? मातीत रचलेल्या, आरपार दगड नसलेल्या जाड भिंती फुटल्या आणि वर्षानुवर्षे थर चढलेले मातीचे जड छत खाली आले. जेथे छताचा भार भिंतींवर नसून लाकडी खांबांवर होता, अशा कित्येक खणांच्या घरांत भिंती बाहेर ढासळल्या तरी तुळया जागच्या जागी राहिल्या. लाकडाने दगा दिला नव्हता. असे असता जुन्या तुळया जपून मातीच्या भाराऐवजी हलके छत आणि पट्टा घातलेली भिंत करणे हाच सुज्ञ मार्ग होता. परंतु लोकांनी मातीबरोबर लाकूडही टाकले.

ग्रामीण घरकुलासाठी २०१६ च्या योजनेत मैदानी प्रदेशाला १ लाख २० हजार रुपयांचे साहाय्य ठरले. एवढ्या रकमेत भिंती उभ्या राहून छत पडेपर्यंतच दमछाक होते, आणि दारे-खिडक्या पत्र्याच्या येतात. त्याच अंगणात पडक्या घराच्या तीन-चार सागवानी चौकटी उन्हापावसात पडून असतात. वखारवाला त्या जळणाच्या नव्हे तर लाकडाच्या पारखीने पाहत असतो, आणि भाव मात्र जळणाचा सांगतो.