रंग निसटले, आकार गवसले

मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत चित्रकार व्हायला आलेल्या एका तरुणाला काही रंगांतला फरकच कळत नव्हता. त्याचे नाव लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर. जन्म १८६९ चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. त्याला अंशतः रंगांधत्व होते.

आपल्या डोळ्यांच्या पडद्यावर रंग टिपणाऱ्या तीन प्रकारच्या शंकूपेशी असतात. त्यांपैकी एका प्रकारात जन्मतः दोष असला, की बहुधा लाल व हिरवा यांत गल्लत होते. या दोषाचे जनुक 'एक्स' गुणसूत्रावर असते. पुरुषांत ते गुणसूत्र एकच असल्याने हा दोष त्यांच्यात जास्त दिसतो. आज ठिपक्यांच्या चित्रांतला आकडा वाचायला लावून तो काही मिनिटांत ओळखता येतो. इशिहारा यांची ही चाचणी १९१७ सालची. लक्ष्मणरावांच्या विद्यार्थिदशेत ती नव्हतीच.

रंगकाम सुटले, पण यांत्रिक रेखाटन त्यांनी सोडले नाही. पुढे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते तोच विषय शिकवू लागले. फावल्या वेळात यंत्रांची पुस्तके वाचून त्यांनी यंत्रे समजून घेतली.

यंत्राच्या भागाची ओळख रंगावरून पटत नाही, ती आकारावरून पटते. कोल्हापूरच्या उद्यमनगरात जुने लेथ मशीन घेतले, की सोबत अनोळखी सुट्या भागांचे खोकेही येते. त्यात तीन जबड्यांचा चक असेल, तर त्याचे जबडे एकाच चावीने एकदम सरकतात. तो गोल सळईसाठी. चार जबडे वेगवेगळे सरकत असतील, तर तो चक वेड्यावाकड्या आकाराच्या ओतीव कामासाठी. एक बोल्ट आणि वाकडी शेपटी असलेले कडे म्हणजे 'डॉग'. दोन सेंटरमध्ये धरलेल्या जॉबला ते फिरवते. लांब, बारीक सळई लवू नये म्हणून आधार देणारी ती 'स्टेडी'. बेडवर घट्ट बसते ती स्थिर, कॅरेजबरोबर सरकते ती फिरती. भागाच्या आकारावरून त्याचे काम ओळखायचे, अशी ही नजर. रेखाटनाने लक्ष्मणरावांना तीच दिली.

नोकरी सोडून ते बेळगावला भावाकडे, रामूअण्णांकडे गेले. सायकलींच्या दुकानाला जोडून त्यांनी कडबा कापण्याचे यंत्र आणि लोखंडी नांगर बनवले. लोखंडाने जमीन नासते या समजुतीमुळे नांगर सुरुवातीला खपेनात. कारखान्याची जागाही सोडावी लागली. औंधच्या राजांनी जमीन दिली आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेनासे झाले, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी दिलेल्या जुन्या तोफा वितळवून नांगर घडले. पुढे १९४१ मध्ये या घराण्याने हरिहरला सुरू केलेल्या कारखान्यात लेथ मशीनही बनू लागली. १९५६ मध्ये लक्ष्मणराव निवर्तले.

जन्मजात रंगांधत्वावर अजून सर्वमान्य उपचार नाही. रेल्वे सिग्नल, विजेच्या रंगीत तारा, छपाई अशा कामांत ते अडचणीचे ठरते. चकचे जबडे मोजताना मात्र त्याने काही बिघडत नाही. मूल रंग सांगताना वारंवार चुकत असेल, तर त्याला रागावण्याआधी नेत्रतज्ज्ञांकडून चाचणी करून घ्यावी. ती व्यवसाय निवडण्यापूर्वी झालेली बरी.