जोसेफ लिस्टर

आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात गुऱ्हाळावर, चुलीपाशी किंवा दिवाळीच्या दारूकामाने कोणी भाजले, म्हणजे त्यास पाहण्यास आप्तेष्टांची रीघ इस्पितळात लागते. त्यांना तेथे प्रेमच नेते. परंतु अग्नीच्या तडाख्यातून वाचलेला रोगी पुष्कळदा पुढे जखमेत शिरलेल्या जंतूंमुळे दगावतो. आणि ते जंतू अनेकदा माणसाच्या हातानेच तेथे पोहोचतात. जखमेचा खरा शत्रू हा अदृश्य जंतू होय, हे ज्या शस्त्रवैद्याने जगास पटवून दिले, त्याचे चरित्र विद्यार्थ्यांनी व पालकांनी अवश्य ध्यानात ठेवावे.

जोसेफ लिस्टर यांचा जन्म ५ एप्रिल १८२७ रोजी इंग्लंडातील अप्टन येथे एका धर्मनिष्ठ क्वेकर कुटुंबात झाला. सूक्ष्मदर्शक यंत्राच्या भिंगांत सुधारणा करून त्यांच्या वडिलांनी कीर्ती मिळविली होती. त्यामुळे सूक्ष्म वस्तू निरखण्याचा नाद मुलास घरीच लागला. लंडन येथे शिक्षण पुरे करून ते एडिंबरो येथील नामांकित शस्त्रवैद्य साइम यांजकडे गेले. साइम यांची कन्या ॲग्नेस हिच्याशी १८५६ साली त्यांचा विवाह झाला. प्रयोगांची टिपणे लिहून घेण्याचे काम या साध्वीने जन्मभर केले.

१८६० साली लिस्टर ग्लासगो येथे प्राध्यापक झाले. त्या काळी जखमेत पू होणे स्वाभाविक मानीत व दूषित हवेस दोष देत. रक्ताने माखलेला अंगरखा हे शस्त्रवैद्याचे भूषण समजले जाई! लिस्टर यांनी हात किंवा पाय कापलेल्या ३५ रोग्यांपैकी १६ दगावले. हे त्यांच्या मनास फार लागले.

१८६५ साली फ्रेंच शास्त्रज्ञ पाश्चर यांचे जंतूंविषयीचे संशोधन त्यांच्या वाचनात आले. त्याच वर्षी १२ ऑगस्ट रोजी गाडीचे चाक पायावरून जाऊन हाड मोडलेला जेम्स ग्रीनलीस हा ११ वर्षांचा मुलगा त्यांच्यापुढे आला. लिस्टर यांनी जखमेवर कार्बोलिक ॲसिडात भिजविलेली पट्टी ठेविली. तीव्र औषधाने कातडी हुळहुळली, तेव्हा ते सौम्य केले. पू झाला नाही. मुलाचा पाय वाचला. पुढे १८६७ ते १८६९ या काळात अवयव कापलेल्या ४० रोग्यांपैकी केवळ ६ दगावले.

तरीही अनेक वैद्यांनी त्यांची थट्टा केली. लिस्टर वादात न गुंतता काम करीत राहिले. औषधाचा फवारा हवेत उडविण्याची आपलीच रीत निरुपयोगी आहे असे दिसताच १८९० साली त्यांनी ती उघडपणे सोडून दिली. १८९७ साली त्यांस लॉर्ड ही पदवी मिळाली. १० फेब्रुवारी १९१२ रोजी त्यांचे देहावसान झाले.

कातडी ही शरीराची तटबंदी होय. भाजल्याने ती ढासळते, आणि मेलेली कातडी व पाझरणारा द्रव यांवर जंतू पोसतात. कार्बोलिक ॲसिड मागे पडून नवी औषधे आली. पण त्यांनाही न जुमानणारे जंतू आज इस्पितळांत आढळतात. हात धुण्याचे महत्त्व मात्र तिळमात्र कमी झालेले नाही. म्हणून भाजलेल्या भागावर शाई, तूप वा हळद न लावता स्वच्छ गार पाणी ओतावे व वैद्यास गाठावे. रोग्यास भेटावयास जाणाऱ्याने खाटेवर बसू नये, हात धुतल्यावाचून त्यास स्पर्श करू नये, आणि परिचारिकेने दारातच थांबविले तर रागावू नये. तीही लिस्टर यांचेच काम पुढे चालवीत असते.