देवाला वाहिलेली बुद्धी

देवाला सर्वस्व वाहिलेला माणूस म्हटले की माझ्या डोळ्यांपुढे एक मुकी, मान खाली घातलेली मूर्ती येई. स्वतःचे मत नाही, प्रश्न नाही. वरचे सांगतील ते करायचे. पंडिता रमाबाईंचे चरित्र वाचू लागले आणि ही मूर्ती पार भंगली.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी गंगामूळच्या रानात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकनिंदा सोसून पत्नीला संस्कृत शिकविले होते. आईने ती विद्या लेकीला दिली. हे कुटुंब तीर्थोतीर्थी पुराण सांगत हिंडे. पुढे दुष्काळाने वडील, आई व थोरली बहीण थोड्या महिन्यांच्या अंतराने नेली. उरलेली भावंडे, रमा आणि श्रीनिवास, उपाशीतापाशी देशभर पायी हिंडली. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी वीस वर्षांच्या या मुलीला ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या.

पण दैवाची परीक्षा संपली नव्हती. १८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या परजातीच्या बंगाली वकिलाशी विवाह केला. १८८२ मध्ये तेही वारले. तेवीस वर्षांची विधवा आणि कडेवर लहानगी मनोरमा! त्या पुण्यास आल्या, आर्य महिला समाज स्थापला, आणि १८८३ मध्ये वैद्यकी शिकण्यासाठी इंग्लंडला निघाल्या.

कानांनी दगा दिल्यामुळे वैद्यकी राहिली. पण वाँटेज येथील भगिनींचे काम त्यांनी पाहिले. समाजाने पतित म्हणून टाकलेल्या स्त्रियांना या जोगिणी पोटाशी धरीत होत्या. ही करुणा येते कोठून, याचा शोध घेता घेता त्यांना ख्रिस्ताने शोमरोनी स्त्रीला दिलेली वागणूक वाचायला मिळाली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

येथे खरी गोष्ट सुरू होते. दीक्षा घेतली म्हणून रमाबाईंनी आपली बुद्धी कोणाकडे गहाण टाकली नाही. त्रैक्याच्या सिद्धांताविषयी त्यांनी आपल्या गुरुभगिनींशी पत्रांतून वाद घातला. क्रूसावर लॅटिन अक्षरे कशाला, संस्कृत का नकोत, असे विचारले. त्यांनी तरुण इंग्रज पुरुषांना शिकवू नये असे बिशपांनी म्हटले, तेही त्यांना पटले नाही. देवाची आज्ञा आणि माणसाची आज्ञा यांतला भेद त्या कधी विसरल्या नाहीत. आणि इतके असूनही, आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला पण ख्रिस्त मिळायचा राहिला, असे त्यांना बरीच वर्षे वाटत होते. ती तळमळ १८९१ च्या सुमारास शमली, असे त्यांनी स्वतःच पुढे लिहून ठेवले आहे.

११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढले. पुढे ते पुण्यास आणले. बाईंच्या प्रार्थनेला मुली बसू लागल्या आणि १८९३ मध्ये वादळ उठले. रानडे, भांडारकर यांच्यासारखे हितचिंतक दूर झाले, कित्येक पालकांनी मुली काढून नेल्या. विश्वासाने मुली ठेवणाऱ्यांचा राग समजण्याजोगा होता. परंतु प्रार्थनेच्या वेळी आपल्या खोलीचे दार लावून घेणे रमाबाईंना जमण्यासारखे नव्हते. घरचे परके झाले, परके तर आधीच रुसलेले. सर्वस्व देण्याची ही किंमत त्यांनी चुकविली.

१८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या. लहानपणी पाहिलेली ती भूक पुन्हा पाहिली आणि सुमारे तीनशे मुली व बायका आपल्याकडे आणल्या. त्यांच्यासाठी केडगाव येथे मुक्ती सदन उभे राहिले. शेती, विणकाम, छापखाना, आंधळ्यांनाही शिक्षण. १९०० पर्यंत तेथे सुमारे पंधराशे जणी होत्या.

एवढा संसार सांभाळून, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. बायबलचे प्रचलित मराठी भाषांतर त्यांना संस्कृतप्रचुर वाटे. ते अडाणी बाईला कसे कळणार? म्हणून मूळ भाषांवरून त्यांनी सोप्या मराठीत सबंध बायबल उतरविले. मुक्तीतल्याच बायकांनी खिळे जुळवून ते छापले. संस्कृतासाठी ‘सरस्वती’ झालेल्या बाईने आयुष्याच्या शेवटी संस्कृत शब्द निवडून बाजूला काढावेत, याहून मोठे अर्पण कोणते? १९२१ मध्ये मनोरमा गेली, तरी काम थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी केडगावी रमाबाईंनी देह ठेवला. ग्रंथ पूर्णपणे प्रसिद्ध झाला १९२४ मध्ये.

आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. माझ्या आजीला सही येत नाही. शिकून मोठी हो, असे मला सारे सांगतात. रमाबाई मात्र शिकून खाली वाकल्या. जिला अक्षर कळत नाही तिच्या उंचीपर्यंत. माझी पदवी आजीच्या उपयोगी कशी पडेल, हा प्रश्न त्यांनी माझ्यापुढे ठेवला आहे. त्याचे उत्तर अजून मला सापडायचे आहे.