दशांशाचा पुरस्कर्ता

आजच्या बेल्जियम देशात ब्रूज नावाचे एक जुने नगर आहे. तेथे इ. स. १५४८ मध्ये सायमन स्टेव्हिन याचा जन्म झाला. तरुणपणी तो अँटवर्प या व्यापारी शहरात हिशेबनीस होता. त्या काळी हिशेब करणे मोठे जिकिरीचे काम असे. एका गिल्डर नाण्याचे वीस भाग आणि त्यांतील प्रत्येकाचे पुन्हा सोळा भाग होत. मापेही गावोगावी निराळी होती. त्यात अपूर्णांकांचे गुणाकार आले, की चांगले जाणतेही गोंधळून जात.

व्याजाची कोष्टके तर सावकार गुप्तच ठेवीत. स्टेव्हिनने ती स्वतः तयार करून १५८२ साली छापली व सर्वांच्या हाती दिली. पुढच्याच वर्षी, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, त्याने लायडनच्या विद्यापीठात नाव घातले.

१५८५ साली त्याने एक लहानसे पुस्तक प्रसिद्ध केले. विद्वानांच्या लॅटिन भाषेत न लिहिता त्याने ते लोकांच्या डच भाषेत लिहिले, आणि ज्योतिषी, जमीन मोजणारे, कापड मोजणारे व व्यापारी यांना उद्देशून लिहिले. दहा अंकांनी संख्या लिहिण्याची भारतीय रीत अरबांमार्फत युरोपात पूर्वीच पोचली होती. तीत डावीकडचे प्रत्येक स्थान दसपट मोठे असते. तोच क्रम उजवीकडे चालू ठेवून एककाचे दहावे, शंभरावे, हजारावे भाग का लिहू नयेत, असा त्याचा विचार होता. २.७५ ला ३.४ ने गुणायचे, तर २७५ ला ३४ ने गुणावे आणि उत्तरातील शेवटचे तीन अंक अपूर्णांकाचे मानावेत, उत्तर ९.३५० येते.

ही युक्ती प्रथम त्यालाच सुचली असे नाही. समरकंदचा गणिती अल्-काशी याने ती त्यापूर्वी दीडशे वर्षे वापरली होती. स्टेव्हिनचे चिन्हही अवघड होते. तो प्रत्येक अंकापुढे लहान वर्तुळात क्रमांक लिही. सुटसुटीत दशांशचिन्ह इतरांनी नंतर रूढ केले. परंतु युरोपातील सामान्य माणसाला दशांश शिकविला तो स्टेव्हिनने.

पुढे तो राजपुत्र मॉरिसचा शिक्षक व सल्लागार झाला. शिडाच्या जोरावर वाळूवरून धावणारी गाडीही त्याने तयार केली. नाणी, वजने व मापे यांचेही दहा-दहा भाग राज्यकर्त्यांनी करावेत, असे त्याने त्या पुस्तकात सुचविले होते. मात्र ते पाहण्याचे भाग्य त्याला लाभले नाही. १६२० साली तो मरण पावला. फ्रान्सने मीटर पद्धतीचा कायदा केला तो १७९५ साली, म्हणजे त्याच्या मृत्यूनंतर १७५ वर्षांनी!

आपल्या देशातही पूर्वी रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे आणि पैशाच्या तीन पै होत. १ एप्रिल १९५७ रोजी रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, आणि भारतातून निघालेली अंकांची रीत नाण्यांच्या रूपाने घरी परतली. सव्वादोन रुपये २.२५ असे लिहून आपण क्षणात हिशेब करतो. ही सोय सर्वांना मिळावी म्हणून झटणाऱ्या त्या हिशेबनिसाचे ऋण आपल्यावर आहे.